बटणाआधीचं नाव

क्रेशर बंद झालं की आधी काहीच ऐकू येत नाही. कान रिकामे होतात. मग एकेक आवाज परत येतो. आधी होल्याचं घुमणं, मग टेकडीवरच्या सागाची वाळकी पानं एकमेकांवर घासल्याचा आवाज, मग आपल्याच बांगड्या. मला ती वेळ फार आवडते. दिवसभर पाण्याखाली बसून राहावं आणि कुणीतरी हाताला धरून वर काढावं, असं वाटतं. धूळ मात्र लगेच खाली बसत नाही. ती उन्हात तरंगत राहते आणि तिच्यापलीकडची तुरीची शेतं, बाभळी, रांगेत उभे टिप्पर हे सगळं झोपेत पाहिल्यासारखं दिसतं.

आमची खदान मेडशीजवळ, डांबरी रस्त्यापासून बरीच आत. काळा दगड टिप्परनं येतो आणि वरून जबड्यात पडतो. जबडा म्हणजे समोरासमोरच्या दोन जाड लोखंडी प्लेटा. त्यातली एक सारखी मागंपुढं होते आणि मधे सापडेल त्याचा चुरा करते. तिथून गिट्टी पट्ट्यावर, पट्ट्यावरून जाळीवर आणि जाळीतून खाली ढिगात. हे सगळं ज्या बटणांवर चालतं, ती बटणं माझ्या ताब्यात. पॅनलच्या खोलीत काचेच्या खिडकीमागं बसायचं, कुठलं सुरू, कुठलं बंद ते बघायचं, हे माझं काम.

माझं माहेर रिठदचं. मी वाशीमला वायरमनचा कोर्स केला तेव्हा गल्लीतल्या बायांनी विचारलं होतं, "आता काय खांबावर चढशीन का वो?" खांबावर चढले नाही. लग्न झालं, आणि नवरा फिटर होता त्याच क्रेशरवर पॅनलची जागा रिकामी झाली म्हणून लागले. मशीन बिघडलं की ते दुरुस्त करणार, दुरुस्त झालं की मी सुरू करणार. घरी नेमकं उलटं असतं, असं ते चारचौघांत सांगतात.

या लिहिण्यात मी कुणाचंच नाव घालणार नाही. बाकी सगळ्यांची घालायची आणि एकाचं गाळायचं, हे बरं दिसत नाही. आणि सगळी गोष्ट त्या एका नावाचीच आहे.

आमच्याकडे विहिरीवरच्या मोटरला ऑटो बसवतात. लाईन, म्हणजे वीज, कधी येईल, कधी जाईल याचा नेम नसतो. ऑटो असला की शेतकऱ्याला झोपेतून उठून शेतात पळावं लागत नाही. लाईन आली की मोटर आपली आपण सुरू होते. माझ्या आधी पॅनलवर जो माणूस होता, त्यानं हाच ऑटो क्रेशरच्या पट्ट्याला बसवून ठेवला होता. घरच्या मोटरला चालतो, मग इथं काय झालं, असा साधा हिशेब. मी एकदोनदा म्हटलं की हे काढा. मॅनेजर म्हणाले, "कायले काढता? बरं चालू हाये." आणि आमच्या लोकांची दुसरी सवय अशी की मशीन मुद्दाम बंद करून सफाई कुणी करायचं नाही. टिप्पर खोळंबतात, बोलणी बसतात. लाईन गेली की मात्र सगळ्यांना सफाई आठवते. पट्ट्याखाली साचलेली चुरी ओढायची, रोलरला ग्रीस भरायचं, जाळीत अडकलेले तुकडे ठोकून काढायचे. लाईन नाही म्हणजे मशीन मेलेलं, असं सगळे धरून चालायचे.

एका दुपारी लाईन गेली. आमचे हे आणि जाळीवरचा माणूस पट्ट्याखाली चुरी ओढत होते. तहान लागली म्हणून दोघं फावडं तिथंच टाकून माठाकडे आले. यांनी गळ्यातला गमछा पट्ट्यावर ठेवला होता. माठाचं झाकण उघडलं आणि लाईन आली. पट्टा चालू झाला. फावडं रोलरमध्ये जाऊन वाकलं. गमछा हळूहळू वर चढत गेला, अगदी निवांत, फिरायला निघाल्यासारखा, आणि पलीकडच्या टोकाला गिट्टीच्या ढिगावर जाऊन पडला. आम्ही सगळे नुसते त्याच्याकडे बघत होतो.

त्या दिवशी शेठजी आले होते. शेठजी म्हणजे क्रेशरचे मालक, कारंज्याचे, जैन घरातले. चालताना खाली मुंगी बघून पाय टाकणारा माणूस. ते तिथंच, धुळीत, पांढऱ्या पायजम्यासकट खाली बसले. बराच वेळ उठले नाहीत. मग मला म्हणाले, "बाई, तो ऑटो आत्ता काढा. माझ्या डोळ्यासमोर काढा." मी वायर कापून ऑटो त्यांच्या हातात ठेवला. त्यांनी तो दुरून धरला, विंचवाला धरावं तसा.

तेव्हापासून शेठजींचे लेखी नियम आले. सफाई लाईनच्या भरवशावर नाही, मेन स्विच पाडून. स्विच पाडल्यावर बटण दाबून बघायचं, काही फिरत नाही ना. आणि पुन्हा सुरू करण्याआधी, जो बटण दाबणार त्यानं स्वतः एकेकाचं नाव पुकारायचं आणि उत्तर स्वतःच्या कानानं ऐकायचं. सगळ्यांची उत्तरं आली की मगच बटण. हे नियम वाचून सगळ्यांनी माना हलवल्या, आणि मग सगळे हळूच माझ्याकडे बघायला लागले.

मी नवऱ्याचं नाव घेत नाही. आमच्यात कुणीच घेत नाही. घरी "अवो" म्हटलं की काम होतं. पण खदानीत "अवो" म्हणून कुणाला बोलवायचं? इथं तर सगळेच कुणाचे तरी अवो. पहिल्या दिवशी सगळी नावं घेऊन मी गप्प झाले, तर जाळीवरचा माणूस म्हणाला, "वहिनी, उखाना घ्या नं, आमी टाळ्या वाजवतो." मी त्याला म्हटलं, "उखान्याइतका वेळ टिप्परवाले थांबतीन का?" सगळे हसले. मीही हसले, पण नाव काही घेतलं नाही.

मग मी माझा मार्ग काढला. खोलीच्या दाराशी रुळाचा एक तुकडा टांगला. बाकीच्यांची नावं पुकारायची आणि यांच्यासाठी पान्यानं रुळावर टोला द्यायचा. ते जबड्याच्या प्लेटवर सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, आपटून उत्तर द्यायचे. जबडा माझ्या खिडकीतून दिसत नाही, टिप्पर दगड ओततात त्या हॉपरची भिंत आड येते. म्हणून ते लोखंडाचं उत्तर माझ्यासाठी मोठं होतं. इतक्या गोंगाटानंतरच्या शांततेत माझा एक टोला जायचा आणि थोड्या वेळानं वरून त्यांचा यायचा, खोल, दगडातून आल्यासारखा. त्या आवाजाची मला सवय झाली. दुपारी कधी डुलकी लागली तर तो झोपेतही यायचा. घरी आम्ही फारसं बोलत नाही, इथं मात्र साऱ्या खदानीदेखत आमचं बोलणं चालायचं आणि कुणाला त्यात वावगं वाटायचं नाही. मला त्याची गोडी लागली होती, हे खरं आहे.

मग तो दिवस आला. दिवाळी होऊन गेली होती, तुरी फुलात होत्या आणि साऱ्या वावरांवर पिवळी झाक आली होती. जबड्यात दगड अडकला. मी स्विच पाडला, हे सब्बल घेऊन वर गेले. बऱ्याच वेळानं मॅनेजरनं विचारलं, झालं का? मी नावं पुकारायला घेतली. पोकलेनवाल्याचं उत्तर आलं, पट्ट्यावरच्याचं आलं, जाळीवरच्याचंही "हाव" आलं. मग मी रुळावर टोला दिला. लगेच वरून टण्ण असा आवाज आला. मी स्विच वर केला आणि बटणावर बोट ठेवलं.

बोट तिथंच राहिलं. उत्तर लगेच आलं होतं. लग्न झाल्यापासून या माणसानं मला कशाचंही उत्तर लगेच दिलेलं नाही. भाजीत मीठ कसं झालं असं विचारलं तर ताट धुवून झाल्यावर सांगतात, "बरं होतं." मी बोट उचललं, स्विच पाडला आणि जिन्यानं वर पळाले. वाटेत जाळीवरचा माणूस एक ढिला बोल्ट ठोकत होता. टण्ण त्याचंच होतं.

हे जबड्यात होते. दोन प्लेटांच्या मधे, कमरेत वाकून, पाठ माझ्याकडे, नखशिखांत पांढरे. दगड निघाला होता आणि त्याखालची चुरी ते हातानं काढत होते, अगदी सावकाश. मी म्हटलं, "अवो." ते वळले नाहीत. पुन्हा म्हटलं. नाही. मग गिट्टीचा एक बारका खडा उचलून त्यांच्या पाठीवर टाकला. त्यांनी वर पाहिलं आणि हसले.

"जेवाची सुट्टी झाली काय?"

"टोला देला म्या. आयकला नाई?"

"नाई बा."

मी त्या लोखंडी पायरीवर बसले आणि त्यांना नाही नाही ते बोलले. काय बोलले ते आठवत नाही. ते मात्र बाहेर येऊन गमछा झटकत उभे होते आणि मला शांत हो म्हणत होते, मरता मरता मीच राहिले असल्यासारखं.

संध्याकाळी गाडीवरून घरी जाताना त्यांनी सांगितलं. डाव्या कानानं ऐकू येत नाही. म्हणजे पार नाही असं नाही, पण फार कमी. "मशीन बंद झाली तरी त्या कानात सुरूच राह्यते," म्हणाले. "मले वाटे होईन बरं." मी गाडीवर त्यांच्या मागं एका अंगानं बसते, तोंड डावीकडे. रोज घरी जाताना दिवसभरातलं सगळं त्याच कानात सांगत आले. लेकीच्या शाळेचं, भावाच्या लग्नाचं, माझ्या मनात येणारं वेडंवाकडं काहीबाही. ते "हं" म्हणायचे. मी मनात म्हणायची, किती निवांत ऐकून घेतात. त्या संध्याकाळी रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी तुरी हलत होत्या आणि मला वाटत होतं, माझं ते सगळं बोलणं तिथंच कुठंतरी वावरात सांडत गेलं असेल. मला खूप रडू आलं. रागही आला.

"मायले सांगजो नको," ते म्हणाले. मी उजव्या कानाकडे वाकून म्हटलं, "नाई सांगत."

दुसऱ्या दिवशी मी शेठजींना फोन केला. झालं ते सांगितलं, फक्त कानाचं सोडून. कुलपं मागवा, म्हटलं, प्रत्येकाला आपलं एक. आत जाणाऱ्यानं मेन स्विचला आपलं कुलूप लावायचं आणि किल्ली गळ्यात बांधायची. त्याचं कुलूप तोच काढणार. कोर्सला असताना हे शिकवलं होतं, तेव्हा आम्ही मुली खिडकीबाहेर बघत होतो. कुलपं आली. पण मॅनेजर शहाणे निघाले, म्हणाले, कुलूप निघालं म्हणजे माणूस बाहेर आला असं होत नाही. कुणी राहिलेला पाना आणायला परत जातो, कुणी बोल्ट बघायला. तेव्हा नावं राहतीलच. "आन तो रूळ काढून टाका, बाई. लोखंड तं इथं सारेच ठोकतात. नाव घ्या."

घरी मी सासूबाईंपाशी विषय काढला. सासूबाई तशा कडक नाहीत. मी नोकरीला जाते म्हणून कधी बोलल्या नाहीत, उलट माझा डबा त्याच करतात. पण हे ऐकून हातातली परडी खाली ठेवली.

"सारं कर, पन नाव नोको घेऊ. नवऱ्याचं नाव घेतलं का त्याचं आयुष्य कमी होते."

"आत्याबाई, उखान्यात तं घेतो नं आपन."

"उखान्यात देवाचं नाव राह्यते सोबतीले. तिथं काय राहीन?"

तुम्ही मामाजींचं नाव कधी घेतलं नाही, तरी ते लवकर गेलेच ना, हे माझ्या जिभेवर आलं होतं. मी ते गिळलं. त्यांच्या डोळ्यांत भीती होती, हट्ट नव्हता. आणि खरं सांगायचं तर ती भीती मलाही होती. वायरमनचा कोर्स केला म्हणून ती जात नाही.

मग मी दर वेळी जिना चढून जायला लागले. सगळ्यांची नावं पुकारायची आणि यांच्यासाठी वर जाऊन डोळ्यांनी बघून यायचं. टिप्परवाले हॉर्न वाजवायचे. मॅनेजर घड्याळ बघायचे, बोलायचे मात्र नाहीत. माणूस वर आहे की खाली, हे मी जिना उतरेपर्यंत बदलू शकतं, हे मलाही कळत होतं.

त्या दिवसांत मी एक करायची. मशीन पूर्ण जोरात चालू असलं की, खोलीचं दार लावून, काचेआड बसून मी यांचं नाव घ्यायची. आधी ओठांनी. मग आवाजानं. त्या गडगडाटात ते मलाही ऐकू यायचं नाही, फक्त छातीत कळायचं. समोर पट्ट्यावरून गिट्टी वाहत असायची, धुळीत ऊन पडलेलं असायचं, आणि मी ते नाव पुन्हा पुन्हा म्हणायची. किती छोटं नाव आहे. कुणाच्या तोंडून ऐकलं की मी मान खाली घालायची, पण ते माझ्या तोंडात कसं लागतं हे मला माहीतच नव्हतं. मला ते फार आवडलं. लाजही वाटली आणि आवडलंही.

एका सकाळी आम्ही डबा घरीच विसरलो. दुपारी बघते तर सासूबाई! रिक्षानं फाट्यापर्यंत आल्या आणि तिथून पायी, डोक्यावर पदर, हातात डबा. त्या क्रेशरवर पहिल्यांदाच येत होत्या. मशीन बंद होतं, जबड्याच्या प्लेटचं काम नुकतंच झालं होतं, कुलपं निघाली होती, आणि सब्बल आणायला म्हणून हे पुन्हा वर गेले होते. त्या माझ्या खोलीच्या दाराशी, सावलीत टेकल्या. मी नावं पुकारली. सगळ्यांची उत्तरं आली. मग मी नेहमीसारखी जिन्याकडे निघाले.

"कुठी चाल्ली?"

"त्यायले पाहून येतो. मंग बटन दाबतो."

"कुठी हाये तो?"

"वर असतीन. जबड्यात."

"असतीन म्हंजे?"

"इथून दिसत नाई, आत्याबाई."

त्यांनी वर पाहिलं. हॉपरची भिंत, त्यावर बसलेली धूळ, त्याच्यावरचं आभाळ. मग माझ्या खोलीतल्या बटणांकडे पाहिलं. सुरू करायचं कुठलं, असं विचारलं. मी दाखवलं. त्या उठल्या, दोन्ही हात तोंडाशी नेले आणि पोराला शेतातून हाक मारावी तशी हाक मारली. त्यांना नाव घ्यायला कसली अडचण? त्यांनीच ठेवलेलं. उत्तर आलं नाही. पोकलेनवाला इंजिन बंद करून बघायला लागला. त्यांनी पुन्हा हाक मारली, डोक्यावरचा पदर मागं पडला, आवाज फाटला.

"हाव, माय!" वरून आलं.

त्या माझ्याकडे वळल्या. चेहरा पांढरा पडला होता, आणि तो धुळीनं नव्हता.

"मी काय रोज येनार हाये इथी?" म्हणाल्या. "घे तू नाव."

मी वर हॉपरच्या भिंतीकडे पाहिलं.

"घे नं, माय. कमी होत असन तं माह्यं आयुष्य लागो त्याले. तू घे."

मी नाव घेतलं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. वर काही हललं नाही.

"मोठ्यानं," सासूबाई म्हणाल्या. "त्याले डाव्या कानानं कमी आयकू येते. लय दिवस झाले."

मी पुन्हा घेतलं, पोटातून, अख्ख्या खदानीला ऐकू जाईल असं. वर सब्बल पडल्याचा आवाज आला आणि जिन्यावर धाडधाड पावलं. ते धावत खाली आले, पांढरेफटक, धापा टाकत, कुठं काय पेटलं असं बघत. माझ्यासमोर येऊन उभे राहिले. मला समोरचं नीट दिसत नव्हतं, डोळे इतके भरले होते.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"काई नाई," मी म्हटलं. "तिथीच उभे राहा."

ते उभे राहिले. मी स्विच वर केला आणि बटण दाबलं.